वाचकाने मागितले, म्हणून घेतले: महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी मागणीनुसार ग्रंथखरेदी

(प्राचार्य, ग्रंथपाल आणि ग्रंथालय समितीच्या सदस्यांसाठी)

ग्रंथालयातल्या पुस्तकाचे शेवटचे पान उघडले की तारखेची चिठ्ठी दिसते. काही चिठ्ठ्यांवर शिक्क्यावर शिक्का बसून जागाच उरलेली नसते. काही मात्र दहा-बारा वर्षांनीही कोऱ्या. पुस्तक चांगले, किंमत बरीच, दाखल नोंदवहीत नोंदही व्यवस्थित. फक्त ते कुणी घरी नेलेले नाही. ही कोरी चिठ्ठी आम्हा ग्रंथविक्रेत्यांच्याही मनाला लागते, कारण अनेकदा ते पुस्तक आम्हीच दिलेले असते.

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने स्वतःच्या ग्रंथालयाचा हिशेब मांडला, तेव्हा १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पुढच्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. हा अभ्यास १९७९ साली छापून आला आणि ग्रंथपालांत मोठा वाद झाला.

पुढे २००० साली अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठाने एक साधी वाट काढली. आपल्याकडे नसलेले पुस्तक कुणी मागितले की ते दुसऱ्या ग्रंथालयाकडून उसने आणायचे, ही जुनी रीत. तिथे ठरले, की पुस्तक अभ्यासाचे असेल, गेल्या पाच वर्षांतले असेल, ठरलेल्या किमतीत बसत असेल आणि आठवडाभरात मिळणार असेल, तर ते सरळ विकत घ्यायचे. मागणाऱ्याचे वाचून झाले की पुस्तक कपाटात. या पुस्तकांची पुढची देवघेव नेहमीच्या पद्धतीने निवडलेल्या पुस्तकांपेक्षा जास्त झाली. एका विद्यार्थ्याला अडलेले बहुधा दुसऱ्यालाही अडलेले असते.

ई-पुस्तकांचे गणित

इथे पुस्तक विकत न घेताच त्याची नोंद ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत टाकतात. वाचकाला ते ग्रंथालयाचेच वाटते आणि तो उघडतो. नुसते चाळले तर पैसे पडत नाहीत. ठरलेली मिनिटे किंवा पाने ओलांडली, की ग्रंथालयाने आधी ठेवलेल्या अनामत रकमेतून खरेदी आपोआप होते. काही करारांत पहिले काही वापर भाड्याने आणि त्यानंतर खरेदी असते. करार करताना कमाल मर्यादा लिहून घ्या, नाहीतर परीक्षेच्या दिवसांत अनामत पाहता पाहता संपते.

छापील पुस्तकांसाठी आम्ही काय करतो

देवघेवीच्या टेबलावर मागणीवही ठेवा. एका महाविद्यालयाच्या वहीत पेन्सिलने एकच ओळ होती: ‘भूजलावर मराठीत काहीही, सोपे.’ नाव नाही, लेखक नाही, प्रकाशक नाही. तरीही ती मागणीच. आम्ही तीन पुस्तके पसंतीसाठी पाठवली. विद्यार्थिनीने ती तिथेच उभ्या उभ्या चाळली, आकृत्या पाहून एक निवडले आणि बाकीची दोन परत आली. म्हणून वहीत पुस्तकाचे नाव सक्तीचे करू नका. ‘कशासाठी हवे’ हा रकाना जरूर ठेवा.

वहीच्या पानाचा फोटो दर शनिवारी आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. पुस्तक मिळेल का, किती दिवसांत आणि कोणत्या सवलतीत, हे दोन दिवसांत कळवतो. पसंतीसाठी आलेली पुस्तके पंधरा दिवसांत परत केली तर त्यांचे बिल लागत नाही. बिल महिन्याला एकच.

खरी अडचण पुस्तक मिळण्याची नसते. मागणी ऑगस्टमध्ये येते, मग कोटेशन, मग समितीची बैठक, आणि पुस्तक पोचते तेव्हा सत्र संपलेले असते. म्हणून समितीने जूनमध्येच तरतुदीचा एक भाग मागणीसाठी बाजूला काढावा, एका पुस्तकाची कमाल किंमत ठरवावी आणि तेवढ्यापुरता सहीचा अधिकार ग्रंथपालांना द्यावा. सुरुवातीला पाचवा हिस्सा पुरतो, असा आमचा अनुभव आहे. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच यातून वगळावेत असे आमचे स्पष्ट मत आहे. ते आम्ही विकतो, तरीही.

सगळी तरतूद मात्र मागणीवर सोडू नका. विश्वकोशाचे खंड कुणी घरी नेत नाही, म्हणून ते नकोत असे थोडेच आहे? शिवाय मराठी पुस्तकांची गोष्ट वेगळी. आवृत्ती अनेकदा हजार-पाचशे प्रतींची असते आणि संपली की पुन्हा कधी निघेल याचा नेम नसतो. वाचक चार वर्षांनी मागायला येईल तेव्हा पुस्तक बाजारात नसेल. बोलीभाषा, स्थानिक इतिहास, लोककला यांवरची पुस्तके दिसतील तेव्हाच घ्यावीत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे हे आहे, तसेच प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हेही आहे. पहिले काम मागणीवही करील. दुसऱ्यासाठी ग्रंथपालाचीच नजर लागते, आणि त्या नजरेसाठी पैसे राखून ठेवायला हवेत.

मागणीवहीचा छापील नमुना आणि समितीपुढे ठेवायच्या ठरावाचा मसुदा आमच्याकडे विनामूल्य मिळेल. जूनच्या बैठकीआधी कळवलेत तर आम्ही स्वतः घेऊन येऊ.