धर्मादाय दवाखाना (खानदेश)

मंदिर, मठ, मशीद, चर्च किंवा जैन संघाच्या जागेत, भाविकांच्या पैशावर चालणारा, फुकट किंवा नावापुरत्या केसपेपरवर पेशंट बघणारा दवाखाना. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बोलताना लोक नुसतं 'ट्रस्टचा दवाखाना' म्हणतात.

शब्दाची फोड दोन प्रकारे करतात. धर्म + दाय म्हणजे धर्मासाठी दिलेलं, असं काहीजण मानतात, पण मग मधला 'आ' कुठून आला ते सांगावं लागतं. त्यापेक्षा धर्म + आदाय, म्हणजे धर्माच्या नावानं जमा झालेलं, ही फोड सरळ बसते आणि व्यवहारालाही जुळते. बिलात मालाच्या किमतीखाली 'धर्मादा' म्हणून वेगळी रक्कम लावायची जुनी व्यापारी चाल होती. ही रक्कम व्यापाऱ्याचं उत्पन्न नाही, ती पहिल्यापासूनच दानासाठी त्याच्याकडे ठेवलेली असते, असं सुप्रीम कोर्टानं 1978 मध्ये बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात मान्य केलं. दवाखाना मात्र सरळ फारसीतून आलेला.

प्रथा किती जुनी यावर एकमत नाही. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात (इ.स.पू. तिसरं शतक) माणसांच्या आणि जनावरांच्या उपचारांचा उल्लेख आहे, म्हणून काहीजण उगम तिथवर नेतात. खानदेशच्या दक्षिण सीमेवर, चाळीसगावजवळच्या डोंगरात पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत मगिल नावाच्या राजवैद्याच्या दानाचा लेख आहे, तो साधारण इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातला धरतात. पण हे दान वैद्यानं लेण्याला दिलेलं, औषधाचं नव्हे, त्यामुळे त्यावरून विहारात दवाखाना होता असं म्हणणं घाईचं होईल. आजचं रूप, म्हणजे ओपीडी, केसपेपर, ठरलेला वार, हे मिशनच्या डिस्पेन्सरीकडून आलं असं मानणं जास्त पटतं. नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल त्याच परंपरेतलं, पण ते पूर्ण हॉस्पिटल आहे, या नोंदीतला दवाखाना त्याहून लहान असतो.

कायद्यात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम 9 महत्त्वाचं. वैद्यकीय मदत हा धर्मादाय हेतू आहे, निव्वळ पूजा किंवा धर्मशिक्षण मात्र त्यात बसत नाही. कलम 41 कक खाली मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात खाटाच नसतात, त्यामुळे खाटांची ही अट तिथे लागू पडत नाही.

पैशाचे नियम धर्मागणिक वेगळे. जैनांत औषधदान हे चार दानांपैकी एक. मुस्लिम दवाखान्यांत जकात (बचतीचा चाळिसावा हिस्सा) वापरताना हनफी (सुन्नींतला एक कायदेपंथ) मतानं ती वस्तू गरिबाच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून जकातीतून औषध देता येतं, पण डॉक्टरचा पगार आणि खोलीचं भाडं सदक्यातून, म्हणजे स्वेच्छेनं दिलेल्या दानातून, काढावं लागतं.

प्रत्यक्षात दिसतं ते असं. देवळामागची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाहेर चपलांची रांग, आणि आपला नंबर आला की एखादी आजी पदराच्या गाठीतून गोळ्यांची रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवते नि म्हणते, "हाईच गोळी दे भाऊ, आनि कंबर दुखस." कागद हरवला तरी पट्टी हरवत नाही, पट्टीवरच्या नावावरूनच बीपीची की शुगरची ते कळतं, म्हणून अशा ठिकाणी बसणाऱ्या डॉक्टरनं पट्टी टाकून द्यायला सांगू नये.

विम्याचा प्रश्न इथेच येतो. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि 2023 च्या शासन निर्णयानं ती राज्यातल्या सगळ्यांना लागू करायची ठरली. पण ही योजना मुख्यतः अ‍ॅडमिट होऊन घ्यायच्या उपचारांची. ताप, खरूज, रोजची बीपीची गोळी त्यात येत नाही, कार्ड खिशात असूनही त्या पेशंटला विमा नसल्यासारखंच आहे, आणि हीच माणसं ट्रस्टच्या दवाखान्यात येतात.

सातपुड्याच्या अक्कलकुवा-धडगाव बाजूला सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट बरेच, त्यांना फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज लागते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघणाऱ्या घरांना पंधरा दिवसांच्या गोळ्या पुरत नाहीत, त्यांना निघतानाच दोन-तीन महिन्यांचा साठा बांधून द्यावा लागतो.