डबा अर्धा परत पाठवू नका

आमच्या वजन-डब्याच्या (वजन उतरवण्यासाठी मोजून दिलेल्या दुपारच्या डब्याच्या) सर्व ग्राहकांसाठी

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास रिकामे डबे परत येतात. जळगावातल्या महाबळचे वेगळे, रिंग रोडचे वेगळे, पिंप्राळ्याचे आणि एमआयडीसीचे वेगळे. धुवायला टाकण्याआधी आम्ही प्रत्येक डबा उघडून बघतो आणि काय उरलं ते वहीत लिहितो. सुरुवातीला हे फक्त अंदाज यावा म्हणून करायचो. आता त्या वहीवरूनच आम्हाला कळतं की पुढच्या महिन्यात कोणाचा फोन येणार आहे.

कारण उरतं ते नेहमी सारखंच. कोशिंबीर संपलेली, ताक संपलेलं. दोनपैकी एक भाकरी कागदात जशीच्या तशी गुंडाळलेली आणि उसळीच्या कप्प्याला चमचाही लागलेला नाही. मग फोन येतो, "ताई, मी काहीच खास नही, तरी वजन का बरं उतरस नही?" (मी काहीच खात नाही, तरी वजन का उतरत नाही?) हा फोन आठवड्यातून चार-पाच वेळा येतो, दरवेळी अर्धा तास तोच हिशोब तोंडी सांगावा लागतो, आणि तोवर तुमचा एक महिना वाया गेलेला असतो. म्हणून हा कागद. एकदा नीट वाचा आणि फ्रिजवर लावून ठेवा.

आधी डब्यात काय असतं ते बघू. ४५ ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी, बहुतेक दिवस कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या. एक वाटी उसळ किंवा घट्ट वरण, मोजून एक छोटा चमचा तेलाची भाजी, दही किंवा ताक आणि कोशिंबीर. सगळं मिळून सहाशेच्या थोड्या वर, साधारण ६२० कॅलरी होतात. प्रथिनं २२ ते २५ ग्रॅम.

आता तुमची गरज. समजा वय ३५, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७२ किलो, बाई, नोकरी बसून आणि घरचं काम आहेच. अशा शरीराला दिवसभर नुसतं पडून राहायलासुद्धा १३५० च्या आसपास कॅलरी लागतात. हृदय, फुप्फुसं, मेंदू, यकृत यांना सुट्टी नसते. त्यावर उठणं-बसणं आणि काम धरलं की खर्च १८५० पर्यंत जातो. यातून रोज ४०० कमी केल्या तर खायला १४५० उरतात. आमचा डबा ६२०, सकाळचा चहा-नाश्ता ३००, संध्याकाळी एक केळ आणि मूठभर फुटाणे मिळून १५०, रात्री हलकं जेवण ३८०. बसला हिशोब.

एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ४०० ची तूट म्हणजे किलोमागे १९ दिवस, महिन्याला दीड किलो. हा वेग ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो हे आम्हाला माहीत आहे. पण वर्षभर टिकणारा वेग हाच, आणि आम्ही पहिल्याच दिवशी तोच सांगतो.

घोटाळा तिसऱ्या आठवड्यात होतो. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो, सगळे खूश. खरं म्हणजे त्यातलं बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी तो साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. ते एकदाच जातं. मग खऱ्या चरबीचा संथ वेग सुरू होतो, त्यात मीठ जास्त झालं किंवा पाळी जवळ आली की किलो-दीड किलो पाणी परत धरलं जातं, आणि काटा हलेनासा दिसतो. नेमकी त्या आठवड्यात एक भाकरी कागदात परत यायला लागते. आमच्या वहीत हे इतक्या वेळा दिसलंय की आता आम्ही तिसऱ्या सोमवारी स्वतःहूनच फोन करतो.

अर्धा डबा ठेवल्याने काय होतं, हे एका ताईंच्या उदाहरणाने सांगते (नाव सांगत नाही, त्यांची परवानगी आहे). एका डाळमिलच्या ऑफिसात हिशोबाचं काम करतात. दोन महिने रोज एक भाकरी आणि उसळ परत. वजन जागच्या जागी. त्या खोटं बोलत नव्हत्या, जेवायला बसल्यावर खरंच कमी खात होत्या. मी त्यांना म्हटलं, आठ दिवस तोंडात जाईल ते सगळं मोबाईलमध्ये लिहा, उभ्याने खाल्लेलंसुद्धा. आठवड्याने आम्ही दोघी बसलो. दुपारी वाचवल्या होत्या २९५ कॅलरी. पाच वाजता डोकं दुखायला लागायचं म्हणून दोन चमचे साखरेचा चहा, ८०. घरी पोचल्यावर कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याजवळ उभं राहून डब्यातली शेव, तीन-चार मुठी. आम्ही त्यांच्याच मुठीने काट्यावर मोजली, ५० ग्रॅम भरली. म्हणजे २७५. गोळाबेरीज ३५५. दुपारी जेवढं सोडलं त्याहून ६० जास्त, आणि ताटात वाढून घेतलेलं नसल्यामुळे ते खाल्लं असं मनात नोंदवलंच जात नव्हतं. त्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पण हे तर जेवण नव्हतं ना ताई." पुढच्या दिवसापासून डबा पूर्ण रिकामा यायला लागला. संध्याकाळची शेव त्यांनी ठरवून सोडली नाही, भूकच लागेना म्हणून सुटली.

दुसरी गोष्ट, एक भाकरी आणि उसळ परत आली म्हणजे डब्यातली अर्धी प्रथिनं परत आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. ७२ किलोला ती ६० ग्रॅम होतात, आणि वजन उतरवताना थोडी जास्तच बरी. शाकाहारी घरात हा आकडा गाठणं मुळातच कठीण. खाणं कमी आणि प्रथिनंही कमी, अशा वेळी शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. काट्याला त्यातला फरक कळत नाही. हातपाय बारीक होतात, पोट तसंच राहतं आणि जिना चढताना धाप लागते. म्हणूनच आम्ही कळण्याची भाकरी ठेवतो. ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनांतला घटक कमी पडतो, उडदात तो भरपूर असतो. चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद एकत्र दळायची आपल्याकडची जुनी पद्धत आजच्या पोषणशास्त्रालाही पटणारी आहे. ठेच्याबरोबर लागते चांगली हे तर आहेच.

आता ज्यांच्या खरंच पोटात काही जात नाही त्यांच्याविषयी. आपल्याकडे एक समज पसरलाय की कमी खाल्लं तर शरीर घाबरतं आणि उलट चरबी साठवतं. हे तसं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला होता. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत अन्नावर कसं आणायचं, हे त्यांना शोधायचं होतं. सहा महिने त्या मुलांना गरजेच्या साधारण निम्मं अन्न दिलं आणि आठवड्याला २२ मैल चालायला लावलं. वजन उतरलं, जवळपास चौथा हिस्सा उतरला. पण त्या मुलांना उन्हाळ्यातही थंडी वाजायची, ती चिडचिडी झाली, जिना चढवेना, ताटं चाटायची आणि तासन् तास पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. पडून राहतानाचा शरीराचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. म्हणजे शरीर चरबी साठवत नाही, खर्चाला हात आखडता घेतं. तुम्हीही नकळत कमी हलता. पाणी प्यायला उठायच्या जागी मुलाला आणायला सांगता. आणि मन मात्र दिवसभर जेवणातच अडकलेलं.

हे मी नुसतं पुस्तकात वाचून सांगत नाही. धाकट्याच्या बाळंतपणानंतर मी दोन महिने काकडी, ताक आणि कुठल्याशा पावडरच्या पेयावर काढले. नऊ किलो उतरले, सगळ्यांनी कौतुक केलं. तिसऱ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले, पाळी चुकली, बाळाला घेऊन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. वर्षाच्या आत नऊचे अकरा होऊन परत आले. हा डबा सुरू करण्यामागे ते वर्ष आहे.

तेव्हा सतत थंडी, केस गळणं, पाळी पुढे-मागे जाणं, बद्धकोष्ठ, चक्कर, रात्री झोप न लागणं, यातलं काही सुरू झालं तर आणखी कमी खाऊ नका, आम्हाला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. दिवसाला ८०० कॅलरींच्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचाच नसतो. फार वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडेही होतात. आणि ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत त्यांनी डबा अर्धा ठेवणं तर थेट धोक्याचं आहे. औषध पूर्ण आणि जेवण अर्धं, मग साखर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती हे डॉक्टरच सांगतील. अशा सगळ्यांनी डबा लावतानाच फॉर्मवर तसं लिहा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना आम्ही वजन उतरवायचा डबा देत नाही.

व्यायामाचं थोडक्यात. मेहरूण तलावावर सकाळी आपले बरेच ग्राहक भेटतात, बघून आनंद होतो. ७० किलोच्या माणसाला भरभर चालताना किलोमीटरमागे ५० च्या आसपास कॅलरी लागतात. चार किलोमीटरला २००. हातातलं स्मार्ट घड्याळ याहून जास्त दाखवतं, त्यावर हिशोब मांडू नका. चालून आल्यावर एक मोठा समोसा झाला की २०० संपल्या. पण याच्या उलट चूक आम्हाला जास्त दिसते: चालायला सुरुवात केली त्याच दिवशी डबा अर्धा केला. दोन्हीकडून ओढलं की पंधरा दिवसांत गुडघे आणि उत्साह दोन्ही बसतात. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून हाताचे जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं एवढं पुरेसं आहे. ताकदीचा व्यायाम विसरू नका, कारण खाल्लेली प्रथिनं स्नायूंत टिकवायचं काम तोच करतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा पारा ४५ ला टेकतो, तेव्हा सातच्या आत चालून घरी या.

आता नेहमीचे दोन प्रश्न. "अर्धाच डबा द्या आणि पैसे अर्धे घ्या" असं पुष्कळजण म्हणतात. आम्ही देत नाही. पैशाचा प्रश्न नाही, तो डबा तुमच्या कामाचा नाही म्हणून. दुसरा प्रश्न तेलाचा. बिनतेलाची भाजी करा म्हणतात. तेलाच्या एका छोट्या चमच्यात ४० कॅलरी असतात. तेवढं तेल भाजीत असू द्या, त्याने जेवण पोटाला धरून राहतं, आणि भाजी संपते. तर्रीची शेवभाजी आम्ही करत नाही, ती घरी महिन्यातून एकदा मजेत खा. भरताच्या दिवसांत भरीत मात्र दर बुधवारी असतं, त्यात दाणे आणि खोबरं मोजून. आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई अशा सणांना घरचंच जेवा, त्या दिवसाचा डबा आदल्या रात्री आठच्या आत बंद करायला सांगितला तर पैसे पुढे वळते होतात.

डबा खरंच जड होत असेल तर ठेवून देऊ नका, फोन करा. आम्ही भाकरी ३५ ग्रॅमची करून देतो, उसळ तेवढीच ठेवतो, किंवा जेवणाचे दोन भाग करून अकराला आणि दोनला खायला छोटे डबे देतो. याचे वेगळे पैसे नाहीत. उंची जास्त, काम अंगमेहनतीचं, किंवा घरात पुरुषमाणसासाठी हवा असेल तर तीन भाकरींचा मोठा डबा आहे. मैत्रिणीबरोबर एक डबा वाटून खाताय असं दिसलं तर आम्ही विचारणार, राग मानू नका. तिलाही तिचा हिशोब लावून हवा असेल तर घेऊन या, पहिली बैठक फुकट असते.

आणि एक विनंती. उरलंच तर ऑफिसच्या कचऱ्यात टाकून डबा रिकामा दाखवू नका. तसंच परत पाठवा. आम्हाला राग येत नाही, वहीत लिहिता येतं.

वजनाचा काटा दर शनिवारी सकाळी सात ते नऊ स्वयंपाकघराबाहेरच्या ओसरीवर ठेवलेला असतो. काही न खाता, पोट साफ झाल्यावर, चपला काढून या. येताना कमरेचं माप घ्यायला जुना सैल कुर्ता घाला, टेप आमच्याकडे आहे.