फसव्या खाऊची पार्श्वभूमी

वरून कपकेक दिसणारा, पण आत खिमा आणि आइसिंगच्या जागी मऊ कुस्करलेला बटाटा असलेला पदार्थ घरच्यांसमोर ठेवण्याची गंमत आजची वाटली, तरी तिची मुळे रोमन स्वयंपाकघरापर्यंत जातात. आपिकियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन पाककृतिसंग्रहात एका छोट्या माशाचा पदार्थ तो मासा न वापरताच, दुसऱ्या माशाचा चुरा अंड्यांत मिसळून करण्याची कृती असून, आपण काय खातो आहोत हे पंगतीत कोणालाही ओळखता येणार नाही, अशी ग्वाही तिच्या शेवटी दिलेली आहे.

मध्ययुगीन युरोपात या कलेला उपवासाने बळ दिले. ईस्टरपूर्वीच्या लेंटच्या काळात मांस आणि अंडी वर्ज्य असल्यामुळे आचारी अंड्याच्या रिकाम्या टरफलात घट्ट केलेले बदामाचे दूध भरत आणि त्याचाच थोडा भाग केशराने रंगवून पिवळा बलक करत. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डच्या आचाऱ्यांनी 1390 च्या सुमारास सिद्ध केलेल्या संग्रहात डुकराच्या खिम्याचे गोळे सळईवर भाजून ते सफरचंदासारखे दिसावेत म्हणून रंगवण्याची कृती आढळते.

सर्वांत मोलाची वाटते ती 1598 मध्ये इंग्रजीत आलेल्या एका इटालियन ग्रंथातील सूचना. पिठाचे मोठे, झाकणदार कवच भाजून त्यात जिवंत पाखरे सोडावीत, म्हणजे झाकण उघडताच ती उडून जातील, असे सांगतानाच, त्या कवचात खरा, खाण्याजोगा, सारण भरून भाजलेला लहान ‘पाय’ (pie) हा पदार्थही ठेवावा, म्हणजे पाहुण्यांची निव्वळ थट्टा होणार नाही, असे लेखक बजावतो. माझ्या मते या साऱ्या परंपरेचा कणा याच एका वाक्यात आहे. पुढे 1660 मध्ये रॉबर्ट मे या इंग्रज आचाऱ्याने आपल्या पाककृतींच्या पुस्तकात अशाच कवचांतून बेडूक आणि पक्षी बाहेर काढण्याचे वर्णन केले. शिवाय पिठाच्या हरणात तांबडी वाइन भरण्यास सांगितले, जेणेकरून त्यात खोचलेला बाण उपसताच रक्त वाहिल्यासारखे दिसावे.

हा थाट दरबारी होता. तो घरात उतरला तो स्वयंपाकघरात भट्टी आल्यावर आणि 1843 मध्ये आल्फ्रेड बर्ड यांच्या बेकिंग पावडरमुळे यीस्ट फुगण्याची वाट पाहणे संपल्यावर. जुलै 2020 मध्ये चप्पल किंवा साबण वाटणारी वस्तू सुरीने कापताच केक निघण्याच्या चित्रफिती जगभर पसरल्या. तेथे फसगत डोळ्यांपुरतीच होती आणि घास गोडच होता.

जर्मनीत मात्र जिभेलाच चकवतात. नववर्षाच्या पूर्वसंध्येला आणि कार्निव्हलला तळलेल्या, जाम भरलेल्या गोल पावांच्या ताटात एखाद्यात जामाऐवजी मोहरीची तिखट चटणी (मस्टर्ड) भरलेली असते. तो कोणाच्या वाट्याला येईल हे वरून कळत नाही; बाकीच्या सगळ्यांत मात्र जामच असतो.