गाडीच्या ग्रीलची क्रोम पट्टी घरी लावण्यापूर्वी

पट्टी घेऊन गेलेलं गिऱ्हाईक आठ-दहा दिवसांनी परत येतं आणि म्हणतं, "तुमचा टेप डुप्लिकेट निघाला." आम्ही गाडीजवळ जाऊन ग्रीलवर बोट फिरवतो. बोटाला मेणचट लागतं. पट्टीमागचा चिकट टेप ग्रीलला चिकटलेलाच नसतो, वॉशिंगवाल्यानं मारलेल्या पॉलिशला चिकटलेला असतो. पाकिटामागच्या चार ओळींत हे सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

आधी गाडी बघा, मग पट्टी घ्या

पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल किंवा आपोआप लागणारा ब्रेक तुमच्या गाडीत असेल, तर त्याचं रडार बऱ्याचदा लोगोमागे, ग्रीलमध्ये किंवा बंपरच्या खालच्या जाळीत बसवलेलं असतं. क्रोमची चकाकी धातूच्या पातळ थराची असते आणि त्यातून रडारच्या लहरी नीट जात नाहीत. गाडीच्या पुस्तकात रडारची जागा बघा आणि तिच्यासमोर काहीही चिकटवू नका. पार्किंग सेन्सरची गोल टिकली आणि पुढचा कॅमेरा यांनाही हेच लागू. काही गाड्यांत ग्रीलमागे उघडझाप करणाऱ्या झडपा असतात, त्यांच्यावर तर मुळीच नको. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असेल तर पट्टी घेऊच नका. आमची विक्री बुडाली तरी चालेल, पण ते काम कधीच सुबक दिसत नाही.

आडव्या पात्यांच्या ग्रीलला पट्टी शोभते. पात्याच्या कडेवर बसणारी यू आकाराची पट्टी असेल तर कडेची जाडी मोजून आणा. लांबी मोजायला लोखंडी टेप नको, साधा दोरा पात्याच्या वळणावरून फिरवा आणि तो दोराच दुकानात घेऊन या.

आणखी एक गोष्ट बघायची. बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात ग्रीलची मागची बाजू पाहा. प्लास्टिकवर बहुतेक वेळा एबीएस किंवा पीपी असं इंग्रजीत कोरलेलं असतं. एबीएसवर टेप सहज धरतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यावर काहीच नीट चिकटत नाही, मग टेप कितीही महागाचा असो. त्यासाठी प्रायमर, म्हणजे टेपला पकड मिळावी म्हणून आधी लावायचं द्रव, लागतो. प्रायमरचा हात पातळ फिरवायचा, काही मिनिटं वाळू द्यायचा आणि मग पट्टी. तो रंगावर सांडू देऊ नका.

साफसफाई

तासाभराचं काम असेल तर पाऊण तास इथं घालवा. आपल्याकडे ग्रीलवर काय काय बसतं ते आठवा: मार्केट यार्डाची हळद, ऊस हंगामात ट्रॉल्यांमागची धूळ, चिरडलेले किडे, पूजेचं तेल आणि कुंकू, झेंडूच्या हाराचा चीक. हे सगळं आधी शाम्पूच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवा. पात्यांच्या आतल्या बाजूला टूथब्रश फिरवा आणि पूर्ण वाळू द्या.

वाळल्यावर तेलकटपणा काढायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए, आणि स्वच्छ पाणी निम्मं-निम्मं घ्या. एका फडक्यानं लावा आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसा. आपोआप वाळू दिलंत तर विरघळलेलं तेल पुन्हा तिथंच बसतं. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत हे करत राहा. रॉकेल आणि पेट्रोल वापरू नका, मागे चिकट थर राहतो. थिनर तर नकोच, एबीएसचं प्लास्टिक पांढरं पडून तडकतं. यानंतर ग्रीलला बोट लावायचं नाही. "बघू तरी गुळगुळीत झालं का" म्हणून हात फिरवणारे आम्ही बरेच पाहिले आहेत.

लावताना

टेपला साधारण २० ते ३८ अंश तापमान मानवतं, दहाच्या खाली तो धरत नाही. म्हणजे सांगलीच्या मे महिन्यात दुपारी उन्हात काम नको, सकाळी सावलीत करा. डिसेंबरच्या गारठ्यात हेअर ड्रायरनं ग्रील कोमट करून घ्या. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर रेडिएटरची धग उतरू द्या.

कोरडीच पट्टी धरून पाहा, मास्किंग टेपनं खुणा करा आणि चार पावलं मागं जाऊन बघा. जवळून सरळ वाटणारी पट्टी लांबून तिरकी दिसते. मग मधून, लोगोच्या बाजूनं सुरुवात करा. टेपवरचा कागद एकदम ओढू नका, वीतभर सोडवा, दाबा, पुन्हा वीतभर सोडवा. पट्टी ताणू नका. ताणलेली पट्टी उन्हात आखडते आणि टोकं उचलतात. अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवा आणि शेवटी कटरनं कापा.

हा टेप दाबानं धरतो, त्यामुळे प्रत्येक इंचावर अंगठा जोरात दाबून फिरवा, टोकांना दोनदा. टोक उचललं म्हणून फेविक्विक लावू नका. क्रोमवर पांढरट थर धरतो आणि नंतर पट्टी काढताना पातं मोडतं.

तीन दिवस

चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपची पकड साध्या तापमानाला वीस मिनिटांत निम्मी, चोवीस तासांत सुमारे ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण होते. तोवर गाडी धुऊ नका, पावसात नेऊ नका. दसऱ्याच्या आदल्या रात्री पट्टी लावून सकाळी प्रेशरच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्यांना आम्ही पट्टी बदलून देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दसऱ्याला हवी असेल तर चार दिवस आधी लावा. पुढेही वॉशिंगच्या गनची धार पट्टीच्या टोकावर जवळून मारू देऊ नका.

काढायची वेळ आली तर स्क्रू ड्रायव्हर घालू नका. ड्रायरनं गरम करा, मासेमारीचा नायलॉन दोरा मागं घालून करवतीसारखा ओढा. उरलेला टेप अंगठ्यानं वळून निघतो, डाग आयपीएनं पुसा. काढलेली पट्टी पुन्हा जुन्याच टेपवर बसत नाही.

कापून उरलेला तुकडा टाकू नका, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. प्रत्येक लॉटच्या क्रोमची झाक थोडी वेगळी असते. उद्या एक पातं उघडं पडलं तर जुळणारा तुकडा आमच्याकडे असेलच असं नाही.