थकलेलं हॉस्पिटल बिल आणि गोठलेलं बँक खातं: अमेरिकेतल्या आमच्या ग्राहकांसाठी

बिल थकलं म्हणून हॉस्पिटलला किंवा वसुली कंपनीला तुमच्या खात्यातले पैसे परस्पर उचलता येत नाहीत. आधी कोर्टात दावा लावावा लागतो, निकाल मिळवावा लागतो, मगच बँकेकडे आदेश जातो. तरीही खाती गोठतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: समन्स आलं होतं, पण उत्तर गेलंच नाही आणि कोर्टानं एकतर्फी निकाल दिला.

म्हणून आमची पहिली विनंती ही, की समन्स बाजूला ठेवू नका. बऱ्याच राज्यांत ते घरातल्या दुसऱ्या प्रौढ माणसाच्या हाती दिलं तरी तुम्हाला मिळालं असं धरतात. मोठ्या मुलानं दारात कागद घेतला आणि फ्रीजवर ठेवून विसरला, तरी मुदत सुरू झालेली असते. ही मुदत साधारण वीस ते तीस दिवसांची असते, पण राज्यागणिक आणि कोर्टागणिक बदलते, म्हणून समन्सवरची तारीखच खरी माना. हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला फोन केला, हप्ते बांधून घेतले, तरी ते कोर्टातलं उत्तर ठरत नाही. उत्तर कोर्टातच दाखल व्हावं लागतं. रक्कम चुकीची वाटते, विमा कंपनीनं भाग भरलेला आहे, बिल तुमचं नाहीच, यातलं जे खरं असेल ते त्यात लिहायचं.

त्याआधीच्या टप्प्यावर हातात बरंच असतं. वसुली कंपनीनं पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत कर्जाचा तपशील द्यायला हवा. तो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी हरकत घेतली, तर पुरावा देईपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. हे 1977 च्या केंद्रीय कायद्यातलं संरक्षण आहे. सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर फोन करायलाही मनाई आहे. फोनवर आपला बँक खाते क्रमांक मात्र कधीच सांगू नका.

ना-नफा हॉस्पिटल असेल, तर डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून 120 दिवस त्याला दावा, पगार-जप्ती असली पावलं उचलता येत नाहीत, आणि आर्थिक मदतीचा अर्ज 240 दिवसांपर्यंत घ्यावाच लागतो. हा अर्ज जरूर मागा. उत्पन्न बरं आहे, आपल्याला कोण देणार, असं गृहीत धरून तो न भरणारे लोक पाहून आम्हाला खरंच वाईट वाटतं. प्रत्येक सेवेचा कोड दाखवणारं तपशीलवार बिलही मागा. एकच तपासणी दोनदा लावलेली असली, तर ती तिथेच सापडते.

आई-वडील भेटीला आले असताना आजारी पडले, तर भरतीच्या कागदांवर सही करताना थांबून वाचा. ‘जबाबदार व्यक्ती’ किंवा ‘गॅरंटर’ या ओळीखाली केलेली तुमची सही ते बिल तुमच्या नावावर आणू शकते. नुसतं नातं सांगून ‘संपर्कासाठी’ सही करणं वेगळं.

खातं गोठलंच, तर स्टेटमेंटवर ‘लीगल होल्ड’ किंवा ‘लीगल ऑर्डर’ अशी नोंद दिसते, आणि बँक बहुधा स्वतःचं शुल्कही कापते. तेव्हा दोन गोष्टी लगेच पाहा. पहिली, सोशल सिक्युरिटीसारखे (म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनासारखे) केंद्रीय लाभ थेट त्या खात्यात जमा होत असतील, तर मागच्या दोन महिन्यांत जमा झालेल्या लाभांएवढी रक्कम बँकेनं तुम्ही न सांगताही सोडायला हवी. तीच रक्कम चेकनं भरली किंवा दुसऱ्या खात्यात वळवली असेल, तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. कोर्टात मागावं लागतं. दुसरी, सूट मागण्याचा फॉर्म, म्हणजे खात्यातले हे पैसे कायद्यानं जप्त करता येत नाहीत असं सांगणारा अर्ज. याची मुदत फार थोडी असते, कधी कधी काही दिवसांचीच. संयुक्त खात्यात दुसऱ्याचे पैसे असतील, तर त्याचे पुरावेही याच वेळी द्यायचे.

राज्याराज्यांत फरक मोठा आहे. न्यूयॉर्कनं 2022 मध्ये वैद्यकीय देण्यापोटी पगार-जप्ती आणि राहत्या घरावरचा बोजा बंद केला. टेक्सासमध्ये अशा देण्यासाठी पगार कापता येत नाही, पण तोच पगार बँकेत पडला की त्याला धोका असतो.

समन्स तुमच्यापर्यंत नियमाप्रमाणे पोचलंच नसेल, तर एकतर्फी निकाल रद्द करण्याचा अर्जही करता येतो. आम्ही कागद लावून देतो, बिल तपासतो, हॉस्पिटलशी बोलतो. कोर्टासाठी मात्र वकील किंवा तुमच्या काउंटीतलं मोफत विधी साहाय्य केंद्र गाठायला हवं. येताना लिफाफ्यासकट समन्स, विमा कंपनीचं प्रत्येक पत्र आणि मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट घेऊन या.