संख्यारेषा व सरासरी (शालेय स्पर्धा परीक्षा)

शिष्यवृत्ती, नवोदय प्रवेश आणि एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील आठवीच्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती) या परीक्षांच्या तयारीतले दोन घटक. सराव पुस्तकांत त्यांची प्रकरणे बहुधा वेगळी असतात. वस्तुतः सरासरी ही संख्यारेषेवरचीच एक जागा आहे, आणि हे ध्यानात आले की निम्मी आकडेमोड वाचते.

वेळेचा प्रश्न इथे खरा आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत (2016-17 मध्ये ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली गेली होती) प्रथम भाषा व गणिताच्या पेपरात 75 प्रश्नांना 90 मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद.

संख्यारेषेवर मुले चुकतात ती रेघा मोजून. 2 आणि 3 यांच्यामध्ये पाच समान भाग आहेत आणि बाण 2 नंतरच्या तिसऱ्या रेघेवर आहे. घाईत उत्तर येते 2.3. दोन्ही टोकांसह सहा रेघा मोजणारा 2.5 म्हणतो. मोजायच्या असतात त्या रेघांमधल्या जागा : एक भाग 0.2, म्हणून उत्तर 2.6. पर्यायांत 2.3 आणि 2.5 मुद्दाम ठेवलेले असतात.

ऋण संख्यांसाठी शून्याखालच्या तापमानाचे उदाहरण देण्याची रीत आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या जळगावात ते मुलांच्या गळी उतरणे कठीण, विहीर बरी. जमीन 0, पाण्याची पातळी −40 फूट. दोन संख्यांच्या बेरजेचे निम्मे म्हणजे त्यांचा मध्य, मग चिन्ह कोणतेही असो : −7 आणि 5 यांचा मध्य −1, दोन्हींपासून 6 अंतरावर.

दोनाहून अधिक संख्या असल्या तरी सरासरीच्या डावीकडची एकूण अंतरे उजवीकडच्या अंतरांइतकीच भरतात. गृहीतमध्य पद्धत (एक सोयीची संख्या सरासरी धरून तिच्यापासूनचे फरक मोजणे) यावरच उभी आहे. समजा, रावेरच्या बागेतून उतरवलेल्या केळीच्या सहा घडांची वजने 19, 22, 18, 24, 20, 23 किलो आहेत. सगळी बेरीज करण्याऐवजी 20 धरावेत. फरक होतात −1, +2, −2, +4, 0, +3. बेरीज +6, सहा घडांत वाटून प्रत्येकी 1. सरासरी 21 किलो. सातवा घड 28 किलोचा निघाला, तर 21 वरचे जादा 7 किलो सात घडांत वाटले जातात आणि सरासरी 22 होते. ‘नवी संख्या आल्यावर सरासरी किती?’ या साऱ्या प्रश्नांची किल्ली हीच. भागताना नवी संख्याही मोजायची, एवढे विसरू नये.

सरासऱ्यांची सरासरी काढणे हा मोठा सापळा. दोन एकरांत कपाशीचा एकरी 8 क्विंटल उतारा आला, दुसऱ्या तीन एकरांत एकरी 5. पुष्कळजण 6.5 लिहितात. एकूण कापूस 16 + 15 = 31 क्विंटल, एकर पाच, म्हणून उत्तर 6.2. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे तोंडी विचारले तर तो आधी सगळा कापूस मोजेल. कागदावर मात्र 8 आणि 5 दिसले की हात दोनाने भागायला जातो. रेषेवर 6.2 हा 5 कडे सरकलेला दिसतो, कारण तिकडे जमीन जास्त आहे.

वेगाचेही तसेच. धुळ्याहून जळगावला ताशी 40 किमीने जाऊन त्याच रस्त्याने 60 ने परतणाऱ्या गाडीचा सरासरी वेग 50 नव्हे, 48. अंतर तेच असले तरी 40 च्या वेगाने जाताना वेळ जास्त गेला, म्हणून उत्तर 40 कडे झुकते. अंतर दिलेले नसेल तर 120 किमी धरावे : जायला 3 तास, यायला 2, एकूण 240 किमी 5 तासांत.