सक्ती उठली की डोकं कोण सांभाळतं?

पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "सक्ती कशाला? जीव ज्याचा त्याला प्यारा असतोच की!" असतोच. पण धोका आपल्याला कळतो कसा, हे कुणी विचारत नाही.

या म्हणण्याच्या बाजूनेही पुरावा आहे आणि तो मला फार आवडतो. नेदरलँड्समधल्या द्राख्तन गावात हान्स मॉन्डरमन या वाहतूक अभियंत्याने रोज वीसेक हजार गाड्यांच्या चौकातले सिग्नल काढून टाकले. गोंधळ माजला नाही. गाड्या हळू झाल्या, माणसं एकमेकांकडे बघून वाट देऊ लागली. मॉन्डरमन स्वतः पाहुण्यांना दाखवायला पाठमोरे चालत त्या रहदारीत शिरत. ताशी ३० किलोमीटरच्या आत समोरच्याचे डोळे दिसतात आणि चुकलात तर त्याच क्षणी ब्रेक दाबावा लागतो. इतक्या लगेच मिळालेला धडा मेंदू विसरत नाही.

आता अमेरिका. १९७५पर्यंत तिथल्या ४७ राज्यांत हेल्मेट सक्तीचं होतं, कारण कायदा न केल्यास केंद्राचा रस्तेनिधी कापला जाई. १९७६मध्ये संसदेने हा दबाव काढला आणि पुढच्या काही वर्षांत निम्म्याअधिक राज्यांनी कायदे रद्द किंवा सैल केले. जिथे जवळपास सगळे हेल्मेट घालत, तिथे ते प्रमाण निम्म्यावर आलं. मृत्यू वाढले. जीव तर तेव्हाही प्याराच होता.

मग द्राख्तन आणि अमेरिका यांत फरक कुठे पडला? समजा, एका फेरीत डोक्याला मार बसण्याची शक्यता एक लाखात एक आहे (आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय). वर्षाला ७०० फेऱ्या, म्हणजे दहा वर्षांत ७,०००. प्रत्येक फेरी सुखरूप होण्याची शक्यता ०.९९९९९, तिचा स्वतःशी ७,००० वेळा गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे ०.९३. म्हणजे शंभरातल्या ९३ जणांना दहा वर्षांत काहीच होत नाही. हेल्मेट न घातल्याचं बक्षीस मात्र रोज मिळतं : वारा लागतो, घाम येत नाही, केस विस्कटत नाहीत. हे ९३ जण "मला कधी काही झालं नाही" असं सांगतात तेव्हा खोटं बोलत नसतात. पण दहा लाख दुचाकीस्वारांच्या शहरात उरलेले जवळपास सात टक्के म्हणजे सुमारे ६८ हजार डोकी, आणि त्यांतल्या अनेकांना आपला अनुभव सांगायला मागे राहता येत नाही.

गाडीला बांधलेल्या लिंबू-मिरचीवरचा विश्वास याच हिशोबावर टिकतो. सुखरूप झालेली प्रत्येक फेरी लिंबाच्या खात्यात जमा होते. अपघात झाला की लिंबू सुकलं होतं म्हणायचं. लिंबाने कवटी वाचत नाही. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर चेपत जातो, डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात आणि मेंदूवरचा धक्का त्या प्रमाणात उतरतो.

मग सूट फक्त मोठ्यांना द्यावी? अमेरिकेतल्याच फ्लोरिडा राज्याने २००० साली २१ वर्षांवरच्या, वैद्यकीय विमा असलेल्या चालकांना सूट दिली. लहानांवरची सक्ती कायम होती. तरीही हेल्मेटविना मरणाऱ्यांत २१च्या आतली मुलं वाढली. धावत्या गाडीवरच्या मुलाचं वय पोलिसाला लांबून कसं कळणार?